गरीब आणि गरीबे

"मुलगी हुशार आहे," वडील फारसीत म्हणाले, "फक्त गरीबेंशी बोलत नाही."

दुभाषिणीनं सवयीनं सांगून टाकलं, "मुलगी हुशार आहे. फक्त गरिबांशी बोलत नाही."

शाळेच्या कचेरीत प्रवेशाची मुलाखत चालू होती. मुख्याध्यापिकांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि खुर्चीत पाय हलवत बसलेल्या त्या सहा वर्षांच्या मुलीकडे पाहिलं. "या वयात एवढा तोरा?"

वडिलांना इथं येऊन दोन वर्षं झाली होती. बोलणं मोडकंतोडकं असलं तरी त्यांना समजायचं बरंच. ते दोन्ही हात हलवत उठलेच. "गरीब नाही, बाई! गरीबे! अनोळखी, अनोळखी माणूस! गरिबांशी बोलायची नाही म्हणजे काय? मग आमच्या घरात कुणाशीच बोलता आलं नसतं तिला!"

मुख्याध्यापिकांना हसू आवरेना. वडील हसले, ते हसतात म्हणून मुलगीही हसली. दुभाषीणही हसली, "माफ करा, माझं चुकलं" म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला आठवलं. हाच शब्द तिनं सात महिन्यांपूर्वी पोलीस ठाण्यात ऐकला होता आणि त्याचा हाच अर्थ सांगितला होता. तिथं दुरुस्त करायला कुणी नव्हतं.

प्रवेशाच्या अर्जावर दुभाषी म्हणून तिनं घाईघाईत सही केली.

ती कोर्टाच्या भाषांतर विभागात अकरा वर्षं काम करत होती; शाळा-दवाखान्यांतही विभागच तिला पाठवायचा. फारसी ती शाळेत किंवा पुस्तकातून शिकली नव्हती, स्वयंपाकघरात शिकली होती. सासूबाई लग्न होऊन इकडे आल्या त्या फारसी बोलणाऱ्या मुलखातून, त्यातही पार पूर्वेकडच्या टोकाहून. सुनेला त्यांनी आधी भांड्यांची नावं शिकवली, मग भांडणाची भाषा आणि मग बाकी सगळी. सासूबाईंच्या तोंडी गरीब म्हणजे गरीबच, जसा आपल्याकडे. हा शब्द तपासून पाहावा असं सुनेला कधी वाटलंच नाही. परक्या भाषेत आपल्या ओळखीचा शब्द भेटला की कोण त्याची झडती घेतो?

त्या दिवशी ठाण्यात फारसीत जबाब देत होती ती त्या मुलखाच्या पश्चिमेकडून आलेली, काजं करणारी एक आजी. शिवणकामाच्या एका कारखान्याच्या मागच्या बोळात, वरच्या मजल्यावर ती एकटी राहायची आणि खिडकीत बसून कोटांना काजं करून द्यायची. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी कारखाना पेटला आणि आतला रखवालदार गेला. आग लागण्याच्या थोडं आधी मागच्या दारानं हातात डबा घेतलेला एक माणूस बाहेर पडताना आजीनं पाहिला होता. पाठमोरा, घाईत.

"कसा होता माणूस?" फौजदारांनी विचारलं होतं.

आजी जे म्हणाली त्याचं दुभाषिणीनं केलं, "गरीब माणूस होता."

त्या बोळात गरीब माणूस एकच. कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून झोपणारा, कापडाची कात्रणं गोळा करून विकणारा, सगळे ज्याला चिंध्या म्हणत तो. कात्रणांवरून रखवालदाराशी त्याची बाचाबाची झालेली चार जणांनी ऐकली होती. त्याच्या गाठोड्यात स्टोव्ह आणि रॉकेलचा डबाही निघाला. पोलिसांना आणखी काय हवं? ओळख पटवायला आजीला बोलवायचं ठरलं, तोवर तिला न्यूमोनिया झाला आणि तीन आठवड्यांत ती गेली. मागे उरला तिचा जबाब, आणि तोसुद्धा दुभाषिणीच्या शब्दांत.

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला होता.

शाळेतून ती थेट कोर्टाच्या रेकॉर्ड खोलीत गेली. तिथला कारकून टेबलावरच्या फायली कपाटात सारत होता. पाचला खोली बंद होणार होती, आणि चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"त्या आगीच्या केसचं ध्वनिमुद्रण हवंय," ती म्हणाली. "आजीच्या जबाबाचं."

"उद्या निकाल आहे, बाई. आज कशाला उकरताय?"

"माझाच आवाज ऐकायचाय."

"हौस एकेकाची," कारकून म्हणाला. पण स्वतःचं काम तपासायची मुभा दुभाष्यांना होती, त्यामुळे वहीत सही घेऊन त्यानं तिला कोपऱ्यातला संगणक आणि कानाला लावायचं यंत्र दिलं.

आधी आला फौजदारांचा आवाज, मग तिचा, मग आजीचा खोकला. मग आजी म्हणाली, "यक मर्दे गरीबे."

तिनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. नवव्यांदा तर तिनं डोळे मिटून ऐकलं. शेवटचा तो 'ए' कुठंही खोकल्यात बुडलेला नव्हता. घासून पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ होता. आणि त्याच्या पाठोपाठ, मध्ये एक श्वासही न घेता, तिचा स्वतःचा आवाज, "गरीब माणूस होता."

एवढ्यावर ती थांबली असती. पण पाचला अजून दहा मिनिटं होती म्हणून तिनं ते पुढे चालू ठेवलं. जबाब संपला. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आणि आजी हळूच म्हणाली, "मागे झोपतो त्या बिचाऱ्याला काही लागलं नाही ना? दोन दिवस चहा न्यायला आला नाही."

फौजदारांनी विचारलं, "काय म्हणते?"

आणि दुभाषिणीचा आवाज म्हणाला, "काही नाही, कुणाची तरी विचारपूस करतेय. साक्षीतलं नाही."

तिनं कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. हे वाक्य ती साफ विसरून गेली होती. त्या दिवशी तिला घरी जायची घाई होती का, भूक लागली होती का, आता काही केल्या आठवेना. आजीला चिंध्या माहीत होता. रोज चहा द्यायची ती त्याला. त्याच्यासाठी तिच्याकडे वेगळा शब्द होता, बीचारे, आपला बिचाराच तो. आणि डबा घेऊन गेलेला माणूस तिला माहीत नव्हता.

"झालं का गाणं ऐकून?" कारकुनानं विचारलं आणि तिचा चेहरा बघून सहीची वही पुढे केली.

विभागात कोशांचं एक कपाट होतं. त्यातला जाड कोश सहसा कुणी हलवत नसे. तिनं उभ्या उभ्याच तो उघडला. शब्द मुळात अरबी. त्याच्या धातूत सूर्याचं मावळणं होतं, दूर निघून जाणं होतं. पश्चिम दिशेचं नावही त्यातूनच आलेलं. जो आपल्या ठिकाणाहून दूर गेला तो गरीब, म्हणजे परका, अनोळखी. पुढे हा शब्द जिथं जिथं गेला तिथं त्यानं निराळे कपडे घातले. तुर्कीत तो गारिप झाला आणि त्याचा अर्थ झाला विचित्र. मलायात पोचला तिथंही विचित्र, नवलाचा. पश्चिमेकडच्या फारसीत परका तो परकाच राहिला, आणि शेपटीला 'ए' लागला की तर शंकाच नको. पूर्वेकडच्या फारसीत मात्र, आणि तिथून पुढे आपल्याकडे येईपर्यंत, तो निर्धन झाला. आपण तर आणखी पुढे गेलो. स्वभावानं गरीब, गरीब गाय, असंही म्हणू लागलो. सगळं एका पानावर छापलेलं होतं. अकरा वर्षं ते कपाट तिच्या खुर्चीपासून सात पावलांवर होतं.

कोश तसाच छातीशी धरून ती विभागप्रमुखांच्या खोलीत गेली.

साहेबांनी तिला बसायला सांगितलं, सगळं नीट ऐकून घेतलं, पानही वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा. पूर्वेकडच्या फारसीत गरीब म्हणजे निर्धन. छापलंय. म्हणजे तुम्ही चुकला नाहीत. शब्दाला दोन अर्थ होते, तुम्ही एक घेतलात."

"पण आजी पश्चिमेकडची होती, साहेब. आणि ती गरीबे म्हणाली."

"ती आता सांगायला येणार आहे का?"

"ध्वनिमुद्रण आहे ना. आणि शेवटचं वाक्य मी गाळलं."

साहेबांनी कोश मिटला. "बाई, तुम्ही आजवर दोनशे अकरा जबाब केलेत. उद्या एक चुकला म्हणालात की परवा दोनशे दहा वकील दारात उभे राहतील. सुटू नयेत ते सुटतील. त्या माणसाला वकील आहे, अपील करता येतं. होऊ दे ते रीतीनं."

"अपिलाला वर्ष-दीड वर्ष लागतं."

"लागतं," साहेब म्हणाले. "मी तुम्हाला बोलू नका असं म्हणत नाही. पण बोललात तर हा विभाग तुमच्या पाठीशी नसेल. घरी जा, विचार करा."

संध्याकाळी सासूबाई टेबलाशी बसून शेंगा सोलत होत्या. सून त्यांच्या समोर बसली आणि तिनं फारसीतच विचारलं, "आई, गरीबे म्हणजे काय?"

"परका माणूस. पश्चिमेकडचे लोक म्हणतात तसं. आपण नाही म्हणत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय? कुणालाही माहीत असतं."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस?" सासूबाई म्हणाल्या. मग सुनेचा चेहरा पाहून त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. "काय झालंय?"

तिनं सगळं सांगितलं. सासूबाईंनी हात पुसले. मग उठून त्यांनी खिडकी लावून घेतली, जणू रस्त्यावरचं कुणी ऐकत होतं.

"गप्प बस," त्या म्हणाल्या.

"आई!"

"ऐक माझं. मी या गावात परकी म्हणून आले. चाळीस वर्षं झाली, अजून दुकानदार माझ्याशी मोठ्यानं बोलतो, मी बहिरी असल्यासारखा. इथल्या माणसाचं चुकलं तर ती चूक असते. आपलं चुकलं तर ती लबाडी होते. तुझ्याही तोंडात आमची भाषा आहे म्हटल्यावर तुलाही आमच्यातच धरतील. म्हणतील, पैसे खाल्ले, कुणाला तरी सामील झाली."

"आणि तो माणूस?"

सासूबाईंनी ताट पुन्हा ओढून घेतलं. त्या पुन्हा शेंगा सोलू लागल्या, पण सालं दाण्यांच्या भांड्यात पडत होती. थोड्या वेळानं, सुनेकडे न बघताच त्या म्हणाल्या, "माझ्या आजीच्या गावी डोंगर ओलांडून कुणी आलं की आजी म्हणायची, गरीब आलाय, भाकरी काढ. लहानपणी मला वाटायचं, जवळ काही नाही म्हणून गरीब. आता वाटतं, ओळखीचं कुणी नाही म्हणून म्हणत असेल ती. ज्याला कुणी ओळखत नाही त्याच्याजवळ असून असून काय असणार? एकाच माणसाला दोन्ही लागू पडायचं."

त्या संध्याकाळी दोघींचं जेवणात लक्ष नव्हतं.

सकाळी सून निघाली तेव्हा सासूबाई कोट घालून दारात उभ्या होत्या. "भाषा मी शिकवलीय," त्या म्हणाल्या. "विचारलं तर मी सांगेन. नाही विचारलं तर बसून राहीन."

कोर्टाच्या लांब व्हरांड्यात चिंध्याची वकीलबाई एका बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसली होती. सरकारनं नेमून दिलेली, तरुण, हातातल्या कामानं दमलेली. दुभाषीण बोलत गेली तशी तिच्या चेहऱ्यावरची झोप उतरत गेली आणि मग रागच चढला.

"हे तुम्ही मला आज सांगताय? निकालाच्या दिवशी? सरळ ध चा मा केलात की तुम्ही!"

"केला."

"आणि ते वाक्य गाळलंत. त्याचा चहा, सगळं. माणूस सात महिने आत आहे!"

"माहीत आहे मला."

वकीलबाईनं घड्याळ पाहिलं. साडेदहा. "लेखी देता?"

"देते."

तिनं फाईलच्या पुठ्ठ्यावर कागद ठेवून तिथंच लिहून दिलं. शेवटी सही करताना समोरून साहेब येताना दिसले. ते थांबले नाहीत. त्यांनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुढे गेले.

अकराला चिंध्याला आणून पिंजऱ्यात उभं केलं. दुभाषिणीनं त्याला आजवर फोटोतच पाहिला होता. तो फोटोपेक्षा म्हातारा होता, आणि कुणीतरी त्याला मापाबाहेरचा स्वच्छ सदरा दिला होता. न्यायाधीशांनी निकालाचा कागद हातात घेतला. वकीलबाई उठून उभी राहिली आणि एक निवेदन आहे म्हणाली. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. साक्षीपुरावा संपलाय, आता निवेदनं कसली? न्यायाधीशांनी कागद वाचला. मग चष्म्यावरून विचारलं, "हे लिहिणारी व्यक्ती हजर आहे?"

दुभाषीण पुढे गेली. अकरा वर्षं ती या खोलीत दुसऱ्यांची वाक्यं बोलत आली होती. 'मी' म्हणायची तेव्हाही तो 'मी' साक्षीदाराचा असायचा. आज तिला स्वतःचं पहिलं वाक्य सापडेना.

"माझं भाषांतर चुकलं," ती शेवटी म्हणाली. "आजी म्हणाली अनोळखी माणूस. मी सांगितलं गरीब माणूस. आणि आरोपीची तिनं विचारपूस केली, ती मी गाळली."

"एकाच शब्दाचे इतके वेगळे अर्थ?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मूळ अर्थ परका, साहेब. काही भाषांत विचित्र, आपल्याकडे निर्धन."

न्यायाधीशांनी कागदावर काहीतरी टिपलं. "हिंदीत अजीबोगरीब म्हणतात. त्यातला गरीब?"

"तोच. तिथं तो पैशानं गरीब नाही. जुना अर्थ तेवढ्या एका जोडीत अडकून राहिलाय."

"साहेब," सरकारी वकील म्हणाले, "सात महिन्यांनी, ऐन निकालाच्या दिवशी बाईंना कोश सापडतो. त्यांना कुणी भेटलं होतं का, हे विचारायला हवं."

सासूबाई म्हणाल्या होत्या तस्संच. दुभाषीण त्यांच्याकडे वळली. "एक सहा वर्षांची मुलगी भेटली," ती म्हणाली आणि मागे कुणीतरी हसलं. तिनं शाळेतला प्रसंग जसाच्या तसा सांगितला. हसणं थांबलं.

"ही भाषा तुम्हाला कुणी शिकवली?" न्यायाधीशांनी विचारलं.

मागच्या बाकावरून सासूबाई उठल्या. "मी." आवाज कापत होता, पण खोलीभर पोचला. "मी माझ्या गावची शिकवली. ती खरी आहे. पण त्या बाईच्या गावची ती नव्हे."

सरकारी वकील पुन्हा उठले. न्यायाधीशांनी हातानंच त्यांना खाली बसवलं. निकालाचा कागद त्यांनी पाकिटात परत घातला. ध्वनिमुद्रण बाहेरच्या दोन दुभाष्यांकडे स्वतंत्रपणे पाठवायचं, एकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, आणि तोवर आरोपी कोठडीतच. दुभाषिणीला त्याच दिवशी कामावरून दूर केलं गेलं.

मधले एकोणीस दिवस तिनं घरात काढले. फोन वाजला की दोघी सासवा-सुना एकमेकींकडे बघत. खाटेवर पडून ती मनातल्या मनात जुने जबाब ऐकत राही. ते अपघाताचं प्रकरण, ती मुलाच्या ताब्याची केस, तिथं मी काय म्हणाले होते? विसाव्या दिवशी वकीलबाईचा फोन आला. दोन्ही दुभाष्यांनी एकच लिहिलं होतं: 'अनोळखी पुरुष'. शेवटचं वाक्यही दोघांनी दिलं होतं. उरलेला पुरावा म्हणजे एक भांडण आणि एक स्टोव्ह. चिंध्या सुटला. डबा घेऊन गेलेला माणूस कोण, ते मात्र पुढेही कधी कळलं नाही.

सुटकेच्या दिवशी ती तुरुंगाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते ठरवून गेली होती. तो गाठोडं काखेत मारून बाहेर आला. वकीलबाईनं ओळख करून दिली तसा तो तिच्याकडे बघत उभा राहिला.

"तू होय ती?"

"हो. मी माफी मागायला—"

"सात महिने," तो म्हणाला. "मी ओरडून सांगत होतो, म्हातारीला विचारा. मला चहा देते ती, मला ओळखते. मला वाटलं तिनंच माझं नाव घेतलं. सात महिने मी त्या म्हातारीला शिव्या घातल्या. ती गेलीय हेसुद्धा मला कुणी सांगितलं नाही."

त्यानं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं.

"कुठं पुरलंय तिला?" त्यानं विचारलं.

तिला माहीत नव्हतं. वकीलबाईलाही नव्हतं. "शोधून काढते," दुभाषीण म्हणाली.

"काढ," तो म्हणाला आणि रस्ता ओलांडून निघून गेला.

ते तिनं चार दिवसांत शोधलं आणि वकीलबाईमार्फत त्याला कळवलं. तो तिथं गेला का, हे तिनं विचारलं नाही.

चौकशी झाली. लबाडी सिद्ध झाली नाही, हलगर्जी झाली. दुभाषी म्हणून तिचं नाव यादीतून काढलं गेलं, पण जुने दोनशे दहा जबाब तपासायला माणूस हवा होता आणि ते तिच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. म्हणून बाहेरून आलेल्या एका दुभाष्याच्या हाताखाली तिला तिथंच बसवलं. साहेब समोरून जाताना मान हलवतात, बोलत नाहीत. चौसष्ट जबाब ऐकून झालेत. दोन ठिकाणी लहान चुका निघाल्या, त्यांनी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आता पासष्टावा. यंत्र कानावर चढवून ती कोशाचं कपाट उघडं ठेवते, आणि ओळखीचा शब्द आला की आधी थांबते.